घाटातला टप्पा

कामं आटोपली असतील त्यांनी बसून ऐका, नसतील आटोपली त्यांनी भाकरी थापता थापता ऐका. मला रेडिओच्या ताईंनी बोलावलं ते ज्योतीची गोष्ट सांगायला. गोष्ट सगळ्या गावाला माहीत आहे, पण प्रत्येकाची वेगळी. कोणी म्हणतं ज्योत विझली होती, कोणी म्हणतं बाया घाबरून लपल्या होत्या. मी त्या टप्प्यात होते, तर माझ्याकडूनही एकदा ऐका.

नवरात्रात ज्योत आणणं तुम्हाला काही नवीन नाही. घट बसायच्या आधी गावोगावचे पोट्टे माहूरगडावर जातात, रेणुकेच्या देवळात मशाल पेटवतात आणि आळीपाळीने पळत गावात आणतात. कोणी अमरावतीच्या अंबादेवीची आणतं. तिकडे मराठवाड्यात तुळजापूरहून आणतात. एक जण दमला की दुसऱ्याने पळता पळता हातात घ्यायची, थांबायचं नाही, अशी रीत. माझं माहेर अकोल्याकडचं, त्यामुळे मला हे लहानपणापासून पाठ आहे. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामला पूर्णेचं पाणी भरतात आणि कावड खांद्यावर घेऊन अठराएक किलोमीटर चालत अकोल्याच्या राजराजेश्वराला नेतात. माझे भाऊ त्या कावडीत असायचे. रात्रभर चालणं, वरून पाऊस, आणि कावड खाली न टेकवता खांदा बदलणं. भाऊ म्हणायचा, ओझं कोणीही उचलते, खांदा बदलाची अक्कल लागते. दमलेल्याने सांगितलंच पाहिजे की मी दमलो. न सांगता ओढत राहिला की त्याच्या चुकीने चार जणांचे खांदे सोलून निघतात.

हे मी ऐकून होते. वेळेवर आठवलं नाही, ते पुढे येईलच.

आमच्या गावात दोन बचत गट. मिळून बावीस बाया. मागच्या पोळ्याच्या वेळी बैठकीत विषय निघाला की ज्योत आपण का आणू नये. गाव आमचं डोंगराच्या पायथ्याचं, अचलपूरच्या बाजूचं. माहूर लांब पडतं. पण वर चिखलदऱ्याला देवी पॉइंटला देवी आहे, खडकाच्या पोटात, वरून पाणी ठिबकत असते. तिथली ज्योत आणावी असं ठरलं. पोट्टे हसले. म्हणाले, काकू, घाट उतराचा हाय, बाजारात जाचं नाई. त्यांच्या हसण्याचा राग आला म्हणूनच अर्ध्या बाया तयार झाल्या, हे मी खरं सांगते.

परतवाड्याहून चिखलदरा साधारण तीस किलोमीटर. आपल्या गावापेक्षा ते जवळजवळ सातशे मीटर उंच आहे. आम्ही वाट सहा टप्प्यांत वाटली. पहिला टप्पा घाटाचा, तो सगळ्यात अवघड, म्हणून त्यात पाच जणी. खालचे टप्पे सपाटीचे, त्यात तीन-चार जणी. घाटात पळायचं नाही, चालायचं, असं पहिल्यापासून ठरलं होतं. उतार सोपा वाटतो, पण गुडघ्याला आणि पायाच्या अंगठ्याला विचारा. चढताना दम लागतो, उतरताना पाय जातात.

आमच्या टप्प्यात कोण होतं ते सांगते. एक मी. एक आमच्या काकू, साठी ओलांडलेल्या, पण नागपंचमीला पचमढीची नागद्वारची यात्रा सातदा केलेली बाई. सातपुड्यातल्या पावसाचं त्यांना काही वाटत नाही. एक अंगणवाडीच्या ताई. एक माझी भाची, कॉलेजात कबड्डी खेळते. आणि शेजारची धाकटी सून, लग्नाला तीन वर्षं झालेली. ती मागून नाव द्यायला आली. तिचा नवस होता. लेकराचा. नऊ दिवस कडक उपास आणि अनवाणी. तिची सासू म्हणाली, ज्योत हाती घेऊन घाट उतरली तं देवी पावल. आम्ही म्हटलं, ये. कोणीच विचारलं नाही की बाई, तू पाणी तरी पिशील का. सगळ्यांचाच पहिला उपास होता, पण बाकीच्यांनी चहा घेतला, केळं खाल्लं, साबुदाणा बांधून घेतला. तिने काही घेतलं नव्हतं. आम्हाला दिसलं, आणि आम्ही चांगलं आहे म्हटलं.

घटस्थापनेच्या दिवशी पहाटेच पिकअपने वर गेलो. सकाळी सातच्या सुमारास मशाल पेटवली. लोखंडी नळी, वर वाटी, वाटीत तेलात भिजवलेल्या सुती चिंध्या. हातात घेतल्यावर दोन मिनिटं काही वाटत नाही, मग मनगट बोलायला लागतं. सोबत कंदिलात एक जास्तीची ज्योत ठेवली होती, वारा-पावसाची सोय म्हणून. हे शहाणपण काकूंचं. आकाश धुतल्यासारखं स्वच्छ. खाली मैदानात ऊन पडलेलं, कपाशीची वावरं, संत्र्याचे बगीचे दिसत होते. आम्ही चादरी, स्वेटर, कोरड्या साड्यांची पिशवी सगळं पिकअपमध्ये टाकलं. कंदीलही तिथेच ठेवला, हातात अडचण नको म्हणून. पिकअपवाल्याला सांगितलं, तू पुढे जा, दुसऱ्या टप्प्याच्या बायांना घाटाखाली त्यांच्या जागी सोड आणि मग परत वर ये.

इथे पहिली चूक झाली. ज्या वस्तू लागणार त्याच वस्तू आम्ही आमच्यापासून दूर पाठवल्या. ऊन होतं ना.

चिखलदऱ्याचं आभाळ आपल्या आभाळासारखं नाही, हे पायथ्याला राहूनही आम्हाला नीट ठाऊक नव्हतं. खालून पाहिलं की डोंगरावर एक पांढरी टोपी दिसते, तेवढंच. त्या टोपीत काय असतं ते आत गेल्यावर कळतं. भाचीने मला नंतर समजावलं. मैदानावरची ओली हवा गाविलगडाच्या या कड्याला येऊन धडकते. पुढे जायला जागा नाही, म्हणून वर चढते. वर चढली की थंड होते. थंड झाली की तिच्यातल्या पाण्याचा ढग होतो. म्हणजे खाली ऊन असताना ढग तिथेच, डोंगराच्या अंगावरच तयार होतो. दुसरीकडून यायची वाटच पाहावी लागत नाही. सप्टेंबर सरताना पाऊस परतीच्या तयारीत असतो, तेव्हा तर सकाळी ऊन, दुपारी गडगडाट हे रोजचंच. आमच्या नशिबी ते सकाळीच आलं.

अर्धा-पाऊण तास चाललो असू. दरीतून धुकं वर चढायला लागलं, चुलीतला धूर धाब्यातून निघावा तसं. बघता बघता रस्त्याची कड दिसेना. भाची पुढे होती ती फक्त मशालीचा पिवळा डाग म्हणून दिसत होती. मग वारा सुटला आणि पाऊस आला. आडवा. छत्र्या उलट्या झाल्या. काकूंनी पितळी ताट आणलं होतं आरतीचं, ते मशालीवर आडवं धरलं. चौघींच्या साड्या भिजल्या. ओली साडी किती जड होते ते रोवणीला गेलेल्या बायांना मी काय सांगू. पाय गुंडाळून घेते ती. काकूंचं लुगडं काष्ट्याचं, त्या बऱ्या चालत होत्या. भाची ड्रेसमध्ये होती.

आणि मग वीज चमकली.

अंगणवाडीच्या ताईंना प्रशिक्षणात सांगितलं होतं, त्यांनी आकडे मोजायला सुरुवात केली. वीज दिसली की मोजायचं, आवाज आला की थांबायचं. आवाजाला एक किलोमीटर यायला तीन सेकंद लागतात. पहिल्यांदा त्या पंधरापर्यंत पोचल्या. म्हणजे पाच किलोमीटर. दुसऱ्यांदा नऊ. ताई म्हणाल्या, तीसच्या आत आवाज आला तर पक्क्या घरात जायचं असतं, हे तर नऊ आहे. फोनला रेंज नव्हती. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ते दामिनी ॲप भाचीच्या फोनमध्ये आहे, वीज जवळ आली की सांगते, पण इंटरनेट नसलं की तेही गप्प. निघायच्या आधी चिखलदऱ्यात पाहिलं असतं तर काही कळलं असतं. तेव्हा ऊन होतं, परत तेच.

मी म्हटलं, थांबू. मोथा जवळच आहे, घरं आहेत.

काकू म्हणाल्या, "थांबाचं नाई. देवीची ज्योत हाय. पोट्टे रात्रभर पयतात, अन् आपण पावसाले भेलो तं तोंड दाखवता येईल काय गावात?"

बायांनो, काकूंचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या डोक्यात जे होतं तेच माझ्याही डोक्यात होतं. पोट्ट्यांचं हसणं. म्हणून मी गप्प बसले आणि आम्ही आणखी पावणेक तास चाललो. विजेत, उंचावर, हातात लोखंडी नळी वर धरून. आज आठवलं की अंगावर काटा येतो.

थांबलो ते काकूंमुळे नाही आणि माझ्यामुळेही नाही. धाकटी सून मागे पडायला लागली. मशाल हाती घ्यायची तिची पाळी आली तेव्हा तिने घेतली, पण चार पावलांत मशाल कलली. मी विचारलं, बरं वाटते ना वं. ती म्हणाली, हो. थोड्या वेळाने परत विचारलं, तर तिने उत्तर दिलं नाही, नुसती पाहत राहिली. दात वाजत होते. मग दात वाजणं थांबलं, तर मला वाटलं बरं झालं, गरम झाली असेल. ताईंनी तिचा हात धरला आणि माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, हे बरं लक्षण नाही. ओल्या कपड्यात वारा लागला की अंगातली गरमी निघून जाते. आधी माणूस कापते. कापणं थांबलं आणि जीभ जड झाली, पाय अडखळायला लागले, तर ते चढत्या धोक्याचं. त्यात पोटात काही नाही. अन्नाशिवाय अंग गरमी करणार कशातून? चुलीत लाकूड नाही तर तवा तापेल का?

तेव्हा मला भावाचं बोलणं आठवलं. ती सांगणार नव्हती. तिचा नवस होता, ती कोसळेपर्यंत हो म्हणत राहिली असती. विचारून काही उपयोग नव्हता, बघायला पाहिजे होतं.

मी म्हटलं, काकू, आता मी ऐकत नाही. काकूंनी तिच्याकडे पाहिलं आणि एक शब्द बोलल्या नाहीत. तिची दुसरी बगल त्यांनीच धरली.

मोथ्याला गवळ्यांची वस्ती आहे, तिथला खवा तुम्ही खाल्ला असेल. रस्त्याकडेचं पहिलं पक्कं घर दिसलं तिथे आम्ही शिरलो. घरधनीण म्हशींचं आटोपत होती. पाच ओल्या बाया आणि एक मशाल पाहून ती आधी घाबरली, मग आत घेतलं. सुनेला खाटेवर बसवलं, ओलं लुगडं सोडून तिच्या कोरड्या साडीत गुंडाळलं, वर गोधडी. ताई म्हणाल्या, हातपाय चोळू नका, शेकोटीच्या तोंडाशी नेऊ नका, अंग हळू गरम होऊ द्या, आणि शुद्धीवर आहे तर गोड गरम पाजा. गवळणीने दूध तापवलं, गूळ घातला. सुनेने तोंड फिरवलं. म्हणाली, माझा उपास हाय.

काकूंनी भांडं हातात घेतलं. "पी वं माय. दूध उपासाले चालते. गुयाचं पाप माह्यावर." ती प्यायली. अर्ध्या तासाने तिच्या तोंडात नीट शब्द आले.

आता ज्योतीचं. आत येताना मशाल पडवीत टेकवली होती. चिंध्या ओल्या झालेल्या, ज्योत बारीक बारीक होत चाललेली. आमचं कोणाचंच लक्ष नव्हतं. गवळणीने विचारलं, कुठची आहे. भाचीने सांगितलं, देवीची. ती काही न बोलता घरातली पणती घेऊन आली, मशालीवर लावून घेतली आणि देवळीत ठेवली. आपल्या घरासाठी लावली तिने, आमच्यासाठी नाही. त्यानंतर थोड्या वेळाने मशाल विझली. तर ज्योत विझली का, याचं मी एवढंच सांगते. मशाल विझली. ज्योत गवळणीच्या देवळीत होती. मग नव्या चिंध्या तिच्याचकडून घेतल्या, तेलही तिचंच, आणि त्या पणतीवरून परत पेटवली. ज्याला मोजायचं त्याने मोजावं.

शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास थांबावं असं ताईंना शिकवलं होतं, तेवढं थांबलो. तेवढ्यात पिकअपवालाही शोधत वर आला. धुक्यात तो आमच्या समोरूनच एकदा खाली-वर जाऊन आला होता.

खालच्या बायांचे हाल मला नंतर कळले. दुसऱ्या टप्प्याच्या चौघी घाटाखाली वळणावर अडीच तास उभ्या. त्यांच्याकडे कोरडं ऊन. वर काय चाललं आहे याचा पत्ता नाही. त्यांच्यातली एक म्हणाली, काहीतरी झालं, मी वर जाते. एकटी निघालीही. जंगल आहे ते, अस्वलं आहेत, बिबटे आहेत. दुसरीने पदर धरून मागे ओढली म्हणून राहिली. उशीर झाला तर काय करायचं हे आम्ही ठरवलंच नव्हतं. कोण कुठून कुठे चालेल, कोण ज्योत देईल, कोण घेईल, आरतीचं ताट कोणाकडे, सगळं वहीत लिहिलं होतं. आलीच नाही तर किती वेळ थांबायचं, कोणाला कळवायचं, हे एका ओळीत लिहिता आलं असतं.

भाचीने मला मोबाइलवर दाखवलं, तिकडे इंग्लंड-स्कॉटलंडात डोंगरावरच्या अशाच टप्प्याटप्प्याच्या शर्यती होतात. तिथेही घडीत ऊन, घडीत धुकं. तिथे काही टप्प्यांना एकट्याला सोडतच नाहीत, जोडीनेच जायचं. आणि कितीही चांगलं पळणारं माणूस असो, पावसाचा अंगरखा, शिट्टी, नकाशा, थोडं खाणं हे अंगावर पाहिजेच, मागे गाडीत नाही. मी म्हटलं, बघ, त्यांनाही कोणीतरी काकू भेटली असेल.

गावात पोचायला रात्रीचे साडेआठ झाले. घट बसला होता. गुरुजी किती थांबणार, मुहूर्त असतो. त्यांनी देवळातल्या समईवर दिवा लावून घट बसवला. आमची ज्योत नेऊन शेजारी ठेवली. पोट्टे होते पारावर. एक जण म्हणाला, काकू, उद्या आली असती तरी चाललं असतं. हसले सगळे. मी काही बोलले नाही. पाय इतके दुखत होते की भांडायची ताकद नव्हती.

खरं भांडण दुसऱ्या दिवशी झालं. सुनेची सासू माझ्या दारात आली. म्हणाली, तीन वर्षांचा नवस तू मोडला. उपास सोडवला, अनवाणी चालाची तं गाडीत बसवून आणलं. लेकरू नाई झालं तं तुह्यावर. मी काय बोलणार? मी म्हटलं, पोरगी जिवंत आणली. ती म्हणाली, एवढं काई झालं नसतं. महिनाभर बोलली नाही माझ्याशी. गटाच्या बैठकीत पाठ करून बसायची. अजूनही तिचं म्हणणं तेच आहे की काही झालं नसतं. कदाचित नसतंही झालं. ते पाहायला मी थांबले नाही, एवढंच.

अंगणवाडीच्या ताईंनी मात्र पाठपुरावा केला. पंधरा दिवसांनी उपकेंद्रात सुनेचं रक्त तपासलं, तर आठाच्या आत. बाईला बारा तरी पाहिजे. म्हणजे ही पोर घाटात उतरायच्या आधीच अर्ध्या तेलावर होती. मग ताई म्हणाल्या, सगळ्यांचीच बघू. बावीसपैकी ज्या तपासायला आल्या त्यांत बाराच्या वर एक माझी भाची आणि एक काकू. काकू त्या दिवसापासून कोणाचं ऐकत नाहीत.

यंदा परत जायचं ठरलं आहे. गेल्या वेळच्या तीन बाया नाही म्हणाल्या, नवीन पाच आल्या. घाटाच्या टप्प्यातली प्रत्येक जण आपली कोरडी साडी प्लास्टिकच्या पिशवीत स्वतःच्या पाठीवर नेणार. कंदील मशालीच्या सोबतच राहणार. सगळ्यात हळू चालणारी पुढे, बाकीच्या तिच्या मागे. प्रत्येकीच्या गळ्यात शिट्टी, बाजारात दहा रुपयांची मिळते. निघण्याआधी सगळ्यांनी एकमेकींसमोर खायचं, उपासाचं खा पण खा. ज्या बाईला निर्जळ करायचं आहे तिने सपाटीच्या टप्प्यात गाडीत ज्योत धरून बसायचं, तोही मानच आहे. गडगडाट ऐकू आला की मशाल खाली आणि सगळ्या पक्क्या घरात. एकट्या झाडाखाली नाही, ताडपत्रीच्या खोपटात नाही. घर नसलंच तर एकमेकींपासून अंतर ठेवून उकिडवं बसायचं, पाय जोडून, आडवं पडायचं नाही. आणि थांबा म्हणायचा हक्क पाचही जणींना. एकीने म्हटलं तरी थांबायचं, वाद घरात शिरल्यावर घालायचा. हे शेवटचं काकूंनी लिहायला लावलं.

दोन तास उशीर झाला तर खालच्यांनी काय करायचं तेही लिहिलं आहे. मोथ्याच्या त्या गवळणीचा फोन नंबर वहीच्या पहिल्या पानावर आहे. तिला आम्ही दिवाळीत साडी नेऊन दिली, तिने दोन किलो खवा दिला, म्हणजे हिशेब काही फिटला नाही.

सुनेने यंदाही नाव दिलं आहे. सासूने अजून हो म्हटलं नाही. परवा मी दळण घेऊन जात होते तर तिने अंगणातून हाक मारली. नऊ महिन्यांनी पहिली हाक. म्हणाली, "ह्या बारीनं तिले चप्पल घालू देसाल काय वं? देवीले चालते काय?"

मी म्हटलं, काकूंना विचारते.